नियम सरकारचा होता की वाडीचा?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माजी पोलीस पाटलांचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते थोडक्यात देते.

२०२० च्या मे महिन्यात हे गृहस्थ गावचे पोलीस पाटील होते, त्यामुळे कोरोनाच्या बंदोबस्तासाठी गावात नेमलेल्या ग्राम कृती दलातही होते. मुंबईहून चाकरमानी परतू लागले, तेव्हा वाडीच्या बैठकीत ठरलं की बाहेरून येणारा प्रत्येक जण चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहील. त्यांचा चुलतभाऊ आजारी आईसाठी ई-पास काढून नालासोपाऱ्याहून आला. कशेडीच्या नाक्यावर त्याच्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारला होता, तरी त्यालाही शाळेतच ठेवलं. नवव्या दिवशी काकी वारल्या, वयोमानाने. शाळेपासून घर हाकेच्या अंतरावर. भाऊ शाळेच्या गेटवर येऊन हात जोडून उभा राहिला. ‘नियम सगळ्यांना सारखा’ असं सांगून पाटलांनी त्याला सोडलं नाही. अग्नी त्यांनीच दिला, पुतण्या म्हणून.

तेव्हापासून भाऊ गणपतीला गावी आलेला नाही. भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र तो लॉकडाऊन, लस आणि सरकारची हुकूमशाही यावर सतत काहीतरी टाकतो. पाटील उत्तर देतात आणि भांडण पेटतं. कॉलेजात शिकणारा त्यांचा मुलगा काकाची बाजू घेतो. आता भावाने कळवलं आहे की यंदापासून तो स्वतःचा वेगळा गणपती आणणार. पाटील विचारतात: “मी सरकारी नियम पाळला. आता माफी मागितली तर कोरोना खोटा होता आणि सगळे निर्बंध म्हणजे जुलूम होता, हे त्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल. मग मी करू काय?”

नमस्कार.

तुमच्या पत्रात शिक्क्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले. शिक्का होम क्वारंटाइनचा होता. म्हणजे नाक्यावरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी तुमच्या भावाला तपासून ठरवलं होतं की हा माणूस चौदा दिवस घरात राहिला तरी चालेल. शाळेत ठेवायचं ठरवलं ते वाडीने. त्या महिन्यात आदेश सारखे बदलत होते आणि कित्येक ठिकाणी प्रशासनानेच शाळा ताब्यात घेतल्या होत्या, हे खरं. पण तुमच्याच पत्रात ‘वाडीच्या बैठकीत ठरलं’ असे शब्द आहेत. सरकारने भावाकडून जेवढं मागितलं होतं, त्याहून जास्त गावाने मागितलं.

आता ग्रुपवरचं भांडण आठवून पाहा. तो सरकारला शिव्या घालतो आणि तुम्ही सरकारची वकिली करता, दोघंही अशा गोष्टीवरून जी सरकारने सांगितलीच नव्हती. त्यामुळे हा वाद कितीही वर्षं चालवलात तरी मिटणार नाही. त्याला ज्याचा जाब हवा आहे तो विषय त्यात निघतच नाही.

शाळेचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तेव्हाची भीती खोटी नव्हती. जिल्ह्यात तपासणीची सोय व्हायच्या आधी स्वॅब मिरजेला जात, अहवाल येईपर्यंत घरचे आणि शेजारचे सगळे जीव मुठीत धरून बसत. गावात राहिलेली माणसं बहुतेक साठीच्या पुढची. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वासाचा त्रास वाढलेल्या माणसाला ठेवून घेण्याची सोय नाही. घरात एकच संडास, दोन खोल्या आणि आठ माणसं असतील तर ‘होम क्वारंटाइन’ कागदावरच राहतं. शाळेच्या मोकळ्या वर्गात झोपणं त्यापेक्षा सुरक्षित, असं वाडीला वाटलं असेल तर त्यात काही वावगं नाही. पोलीस पाटील तर गावचाच माणूस. वरून तहसीलदार विचारणार आणि खालून वाडी, मधे तुम्ही.

मला बोलायचं आहे ते नवव्या दिवसाबद्दल.

‘नियम होता’ असं तुम्ही पत्रात तीन-चार वेळा लिहिलं आहे. कोणता नियम, तेवढं आपण पाहू. अंत्यविधीला तेव्हा वीस जणांची मर्यादा होती, म्हणजे अंत्यविधी बंद नव्हते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच मृतदेहांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. खुद्द कोरोनाने गेलेल्या माणसाचाही चेहरा नातेवाइकांना काळजी घेऊन शेवटचा पाहता येईल, अशी मुभा त्यात होती. तुमच्या काकी तर कोरोनाने गेल्याच नव्हत्या. भावाला नऊ दिवसांत लक्षणं असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. मास्क लावून, सगळ्यांपासून लांब, खळ्याच्या कडेला उभं राहून त्याने आईला पाहिलं असतं आणि परत शाळेत जाऊन उरलेले पाच दिवस काढले असते, तर कोणता आदेश मोडला असता? तहसीलदारांना एक फोन करून विचारलं होतंत का? विचारलं असतंत तर ते काय म्हणाले असते हे आज कोणी सांगू शकत नाही. पण पत्रात त्या फोनचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

‘सगळ्यांना सारखा’ हे तुमचं म्हणणं मात्र मी सहज मोडीत काढणार नाही. त्याच्या महिनाभर आधीच, एप्रिलमध्ये, गृहखात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्रावर एका उद्योगपती कुटुंबातली आणि त्यांच्या बरोबरची मिळून २३ माणसं खंडाळ्याहून थेट महाबळेश्वरला पोचली होती. सारा महाराष्ट्र घरात कोंडलेला असताना. ती बातमी वाचलेल्या माणसाला ‘मी माझ्या भावाला सोडलं तर उद्या प्रत्येक जण माझ्या दारात उभा राहील’ असं वाटणं साहजिक आहे. स्वतःच्या घरच्या माणसाला सवलत द्यायची नाही, हा तुमचा करारीपणा एरवी मी वाखाणला असता. पण ‘शाळेत असलेल्या कोणाचेही आईवडील, नवरा-बायको, मूल गेलं तर त्याला मास्क लावून, अंतर राखून दर्शन घेता येईल’ असंही बैठकीत ठरवता आलं असतं. तोही नियमच झाला असता आणि सगळ्यांना सारखाच. असा नियम करायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण कडकपणा हाच खबरदारीचा पुरावा मानला जात होता. जितकी जास्त बंदी तितकं गाव सुरक्षित, असा हिशेब. तेव्हा मंत्रालयापासून वाडीपर्यंत अनेकांनी तो केला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. माफी मागितली म्हणजे त्याचं सगळं म्हणणं मान्य केलं, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही. इथे तीन वेगळे प्रश्न एकात एक गुंतले आहेत. साथ खरी होती का? सरकारचे निर्बंध योग्य होते का? आणि त्या दिवशी शाळेच्या गेटवर जे झालं ते योग्य होतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’, दुसऱ्याचं ‘काही होते, काही नव्हते’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’, अशी उत्तरं एकच माणूस एकाच वेळी देऊ शकतो.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. तुम्ही ज्या साथरोग कायद्याच्या जोरावर काम करत होता, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबईत प्लेग पसरला म्हणून इंग्रजांनी घाईघाईने केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले. देवघरं, माजघरं तुडवली, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं, सामान जाळलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पण प्लेग खोटा होता असं कोणी म्हणालं का? सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. टिळकांनी ‘केसरी’तून अधिकाऱ्यांच्या अरेरावीवर टीका केली आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी भोगायला गेले. पण साथीत पुणे न सोडता हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करण्यातही तेच होते. रोगाशी लढायचं आणि लढणाऱ्याच्या दांडगाईलाही विरोध करायचा, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

त्या कायद्याचं चौथं कलम तुमच्या उपयोगाचं आहे. सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावर दावा करता येत नाही, असं ते सांगतं. तुमचा हेतू वाईट नव्हता, तेव्हा कोर्टाची काळजी तुम्हाला नको. पण तुमचा भाऊ कोर्टात गेलेलाच नाही.

त्याच्या बाजूनेही थोडं बोलते, कारण त्याच्या पोस्टमधलं सगळंच काही टाकाऊ नसावं. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि बारापासून देश बंद झाला. पोट हातावर असलेल्या माणसाला चार तास मिळाले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. गावी जायला निघाले होते बिचारे. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याला आलेल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द करताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना बळीचा बकरा केल्याचं ऑगस्ट २०२० मध्ये सुनावलं. मुंबईची लोकल १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्यांसाठी उघडली ती फक्त दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठी, आणि ते आदेश काढताना ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवून दिलं. नालासोपाऱ्याहून चर्चगेटला कामावर जाणाऱ्या माणसाला ‘लोकल बंद’ म्हणजे काय हे गावात बसून कळणार नाही. तुमच्या भावाला ते पुरतं माहीत असणार.

पण लस म्हणजे गुलामी आणि कोरोना म्हणजे थोतांड, हे मात्र चूक. एकट्या महाराष्ट्रात नोंद झालेले मृत्यूच दीड लाखाच्या घरात आहेत. लसीच्या सक्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा निकाल तो नक्की टाकत असेल, सगळेच टाकतात, पण अर्धा. शरीरावरचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो आणि कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध तेव्हाच्या परिस्थितीत प्रमाणाबाहेर आहेत, असंही म्हणालं. मात्र त्याच निकालात सरकारचं लसीकरण धोरण मनमानी नसल्याचा निर्वाळा आहे आणि सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीच्या हक्कांवर वाजवी मर्यादा घालता येतात, हेही आहे. भाऊ पहिला अर्धा टाकतो, तुम्ही बहुधा दुसरा. दोघांनी मिळून एक निकाल पुरा वाचलेला नाही.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते. स्वातंत्र्यावर घाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मंत्रालय, पोलीस, दिल्ली येते. पण त्या दोन वर्षांत माणसाला सगळ्यात जवळून अडवलं ते शेजाऱ्यांनी. गावच्या वेशीवर चर खणले, काट्या टाकल्या. शहरांतल्या सोसायट्यांनी परवानगी मिळाल्यानंतरही कामवाल्या मावशींना महिनोन् महिने गेटवर अडवलं आणि पगार कापले. रुग्णालयात काम करणाऱ्या नर्सना घरमालकांनी खोली सोडायला सांगितलं. सरकारी आदेशाला निदान तारीख असते, खाली सही असते आणि त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. लोकलचं प्रकरण गेलंच. वाडीच्या बैठकीच्या निर्णयाविरुद्ध तुमच्या भावाने कुठे जायचं होतं? त्याच्यासमोर एकच माणूस होता आणि तो तुम्ही होता. त्याचा राग सरकारवर निघतो खरा, पण मला वाटतं तुमच्यावर थेट ओरडणं त्याला अजून जमलेलं नाही. घरच्या मोठ्या माणसाला बोलता येत नाही, सरकारला येतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ग्रुपवर उत्तर देणं बंद करा. आजपासून. त्याने काहीही टाकलं तरी. मग गणपतीच्या आधी फोन करा किंवा जमलं तर नालासोपाऱ्याला जा. मी म्हणेन जाच. शाळेच्या गेटवरून तो परत फिरला, तेव्हा तुम्ही चार पावलंही त्याच्यामागे गेला नव्हतात. गेल्यावर कोरोना, लस, लॉकडाऊन हे शब्द काढू नका. एवढंच सांगा: “त्या दिवशी तुला काकीपाशी आणायला हवं होतं. आणता आलं असतं. मी आणलं नाही.” यातलं ‘आणता आलं असतं’ गाळू नका, तेच ऐकायला तो इतकी वर्षं थांबला असेल. आणि पुढे ‘पण’ लावू नका. पण परिस्थितीच तशी होती, पण वाडीने ठरवलं होतं, पण मलाही वाईट वाटलं. हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी बोलायचं नाही. त्याने विचारलं तर सांगा.

तो कदाचित तासभर सरकारबद्दल बोलेल. बोलू द्या. तुम्ही आता पोलीस पाटील नाही, सरकारची बाजू राखायची जबाबदारी तुमच्यावर नाही. त्याचं एखादं म्हणणं पटलं तर तसं सांगा, न पटलं तर ‘ते मला पटत नाही, पण आज त्यासाठी आलो नाही’ इतकं पुरे. अग्नी देतानाचं सगळं मात्र सांगा: कोण होतं, काय नेसवलं होतं, शेवटच्या दिवसांत काकी काय बोलल्या, त्याचं नाव घेतलं का. तो तिथे नव्हता, त्यामुळे हे त्याला तुमच्याकडूनच कळणार. वेगळ्या गणपतीचा विषय त्या दिवशी काढू नका. ‘माफी मागितली, आता गणपती एकत्र कर’ असा सौदा झाला तर आधीचं सगळं फुकट जाईल. त्याने वेगळा आणलाच तर आरतीला जा.

आणि त्याने दार लावून घेतलं तर? तर परत या आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा जा. इतक्या वर्षांचा राग एका भेटीत उतरेल असं मी सांगणार नाही.

तुमच्यासारखेच काही जण मला सोसायट्यांमधून, बिल्डिंगच्या कमिट्यांमधून लिहितात. कोणी तेव्हा सेक्रेटरी होते, कोणी गेटवर अडवले गेलेले. त्यांच्याही घरात हे वाद आहेत. त्यांना सांगते की ‘लॉकडाऊन बरोबर की चूक’ हा प्रश्नच टाकू नका, त्यावर जेवणं थंड होतात. एक बंदी घ्या आणि तिच्याबद्दल विचारा. ही कोणी घातली, कोणत्या कागदावर? कशासाठी घातली आणि त्याने ते साधत होतं का? याहून हलका उपाय हाताशी होता का? कधी उठणार हे सांगितलं होतं का? अडचण आली तर कोणाकडे जायचं? न्यायालयंही साधारण असंच तपासतात. मास्क या प्रश्नांवर बऱ्यापैकी टिकेल, दोन डोसांशिवाय लोकलबंदी अडखळेल, मोलकरणीच्या पगाराची कपात पहिल्याच प्रश्नाला पडेल. कोण कोणत्या पक्षाला मत देतं याचा त्याच्याशी फारसा संबंध उरत नाही.

आता तुमचा मुलगा. तो तुमच्या विरोधात आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, बाबा चुकले हे म्हणायला त्याला काकाच्या पोस्टचा आधार घ्यावा लागतोय, कारण घरात तो विषय थेट काढता येत नाही. तो काढा आणि त्याला कामाला लावा. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, पण तेव्हा वाडी पुन्हा बैठक घेणार हे नक्की. त्याआधी ग्रामसभेत ठराव करून घ्या: बाहेरून येणाऱ्यांवर घातलेली प्रत्येक अट लेखी असेल, तिच्यावर शेवटची तारीख असेल, सरकारी आदेशापेक्षा कडक अट घालायची तर तहसीलदारांना कळवावं लागेल, आणि घरात मृत्यू झाला किंवा कोणी शेवटच्या घटका मोजत असेल तर विलगीकरणातल्या माणसाला कशा प्रकारे आणायचं हे आधीच ठरलेलं असेल. अशा ठरावाला कायद्याचं बळ किती, हा प्रश्न आहे. पण नवव्या दिवशी गेटवर उभ्या राहणाऱ्या पुढच्या पोलीस पाटलाच्या हातात निदान तो कागद असेल. मसुदा मुलाला लिहू द्या, तुम्ही फक्त वाचा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर अर्ज ग्रामपंचायतीत जुलैतच द्या. अर्जदार म्हणून दोन सह्या लागल्या तर दुसरी भावाची चालेल का, ते त्यालाच विचारा. गावच्या मतदार यादीत त्याचं नाव अजून आहे का, तेवढं आधी पाहून ठेवा.